'टेक ऑन मी' गायचंय, पण कुठलं?

नॉर्वेच्या आ-हा या बँडचं 'टेक ऑन मी' गॅदरिंगला घ्यायचं ठरलं असेल, तर आधी कुठलं घेताय ते पक्कं करा. बँडनेच वेगवेगळ्या काळात केलेली तीन रेकॉर्डिंग सहज मिळतात.

त्यातलं 1984चं लगेच बाजूला ठेवता येईल. निर्माता टोनी मॅन्सफील्डच्या हाताखाली झालेली ती पहिली सिंगल ब्रिटनमध्ये चालली नाही. गाणं तेच, पण ऐकताना फिकं वाटतं. कुतूहल म्हणून एकदा ऐका, पुरे.

खरी निवड पुढच्या दोघांत आहे. 1985मध्ये दुसरा निर्माता ॲलन टार्नी याने हेच गाणं नव्याने बांधलं आणि ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्टीव्ह बॅरनच्या पेन्सिल-चित्रांच्या व्हिडिओचा (सुमारे 3000 चित्रं!) त्यात मोठा वाटा होता. स्टेजवर मात्र व्हिडिओ तुमच्या मदतीला येत नाही. तिथे उरते ती सिंथची (सिंथेसायझरची) धून, मिनिटाला सुमारे 170 ठोक्यांची लय आणि गळा.

गळ्याचीच गोष्ट अवघड आहे. ध्रुवपद पांढरी सहाच्या पट्टीत आहे. पहिला शब्द मंद्र सा. दुसऱ्यावर थेट मंद्र नी, म्हणजे जवळजवळ अख्ख्या सप्तकाची उडी. तिसऱ्यावर मध्य सा. तिथून चढत चढत शेवटचा शब्द तार पंचमावर जातो. अडीच सप्तकं, तीही एकाच ध्रुवपदात! बँडचा गायक मॉर्टन हार्केट वर फॉल्सेटोत (पातळ, खोट्या आवाजात) सहज शिरतो. आपण बहुतेक जण तिथे किंचाळतो. पट्टी उतरवावी, तर वरचं सोपं होतं, पण खालचा सा घशातच राहतो. बायकांच्या आवाजाला तर तो सा मूळ पट्टीतही सहसा लागत नाही. तेवढा एक स्वर वरच्या सप्तकात घेतला तर चालून जातं, पण उडीची मजा जाते.

2017चं अनप्लग्ड (विजेवरच्या वाद्यांचा झगमगाट टाळून केलेलं) रेकॉर्डिंग नॉर्वेतल्या गिस्के बेटावर, निवडक श्रोत्यांसमोर झालं. हार्केट तेव्हा 57 वर्षांचा होता. इथे सिंथचा झगमगाट नाही, लय निम्म्यावर आल्यासारखी वाटते आणि उंच जागा तो जोर न लावता, जपून घेतो. तेच शब्द, पण 1985मध्ये गळ घालणारा पोरगा आता निरोप घेतोय असं वाटतं. 'डेडपूल 2' या चित्रपटात वापरलंय ते हेच.

माझं मत अनप्लग्डच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: समोरचे ऐकायला बसलेले हवेत. जेवणाच्या पंगती सुरू असताना हे गायलात तर कोणी मान वर करणार नाही. शिवाय संथ लयीत प्रत्येक स्वर उघडा पडतो, बेसूरपणा लपवायला ड्रम नसतात. नाचायचा कार्यक्रम असेल तर 1985चंच घ्या. पहिल्या दोन सेकंदांत लोक ओळखतात आणि वरच्या जागेला अख्खा हॉल तुमच्यासोबत ओरडतो, त्यामुळे तुमचं कमी-जास्त झालेलं खपून जातं. मात्र बोटं धावणारा कीबोर्डवाला हवाच. तो नसेल, तर ती धून गिटारवर बसवत बसण्यापेक्षा तयार कराओके ट्रॅक लावा.