ब्रेनम की फ्रेडरिक्सबर्ग? आईबाबांना टेक्ससचं खेडं दाखवायचंय तर

मार्च लागला की ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत हा प्रश्न येतोच, भारतातून आईबाबा आलेत, ब्लूबॉनेटची फुलं दाखवायचीत, ब्रेनमला जाऊ की सरळ फ्रेडरिक्सबर्ग गाठू? दोन्ही गावं हायवे २९० वरच, म्हणून वाटतं थोडं पुढे गेलं की झालं. तसं नाहीये. ब्रेनम ७० मैलांच्या आसपास, सव्वा तासात पोचता, फ्रेडरिक्सबर्ग मात्र जवळजवळ २४० मैल, एका बाजूचे चार तास, वर ऑस्टिनचा ट्रॅफिक वेगळा. एकच दिवस हातात असेल तर त्या वाटेला जाऊच नका, साठी-सत्तरीच्या माणसांना आठ तास गाडीत बसवून काय बघायचंय? ऑस्टिनवाल्यांचं ठीक आहे, त्यांना दोन्हीकडे साधारण दीडच तास लागतो.

माझं मत विचाराल तर आईबाबा सोबत असतील तर आधी ब्रेनम. तिथे अजून शेतकऱ्यांचं गाव दिसतं. हायवे सोडून एखाद्या एफएम रोडला (फार्म-टू-मार्केट, म्हणजे शेतांमधून जाणारा छोटा रस्ता) लागा, दोन्ही बाजूंना गाई, गवताचे मोठाले गोल गठ्ठे, तारेची कुंपणं, आणि समोरून येणारा पिकअपवाला ओळखीचा नसला तरी स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून रामराम करतो. ज्यांचं आयुष्य शेतीत गेलंय त्या बाबांना एवढंही पुरतं, गुरं कुठल्या जातीची, पाणी कुठून येतं, प्रश्न संपत नाहीत. जवळच्या इंडिपेंडन्स गावात थांबाच, १८४५ मधे स्थापन झालेली बेलर युनिव्हर्सिटी आधी इथेच होती, आता जुन्या इमारतीचे खांब तेवढे उरलेत आणि फुलांच्या दिवसांत आजूबाजूला सगळं निळं. तिथून वॉशिंग्टन-ऑन-द-ब्रॅझोस जवळच, २ मार्च १८३६ ला टेक्ससने मेक्सिकोपासून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं ती जागा. बाजूचं बॅरिंग्टन फार्म टेक्सस रिपब्लिकच्या शेवटच्या प्रेसिडेंटचं, अँसन जोन्सचं, जुन्या पद्धतीची शेती आणि बैल बघायला मिळतात, पण हे सगळं गुलामांच्या कष्टावर उभं होतं हे मुलांना आवर्जून सांगा. ब्रेनममधली ब्लू बेल ही आइस्क्रीमची कंपनी १९०७ पासूनची, आइस्क्रीम बनताना बघायचं असेल तर वर्किंग डेला जा, वीकेंडला मशीन बंद असतात.

फ्रेडरिक्सबर्ग जर्मन लोकांनी १८४६ मधे वसवलं. मेन स्ट्रीट सुंदर आहे, पण आता तिथे वाइन टेस्टिंग, बुटीक आणि शनिवारची गर्दी, खेडं म्हणून बघायला गेलात तर निराश व्हाल. तिथे जायचं ते दोन गोष्टींसाठी. एक पॅसिफिक वॉर म्युझियम, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकी नौदलाचे प्रमुख अॅडमिरल निमिट्झ याच गावचे, युद्धाची आवड असलेल्या बाबांना अर्धा दिवसही कमी पडतो. दुसरा एन्चँटेड रॉक, गुलाबी ग्रॅनाइटचा अख्खा उघडा डोंगर, पायथ्यापासून ४२५ फूट, वरून चारी बाजूंचं हिल कंट्री, म्हणजे इथला टेकड्यांचा मुलूख दिसतो. मला टेक्ससमधे याहून आवडती जागा नाही. पण चढ उभा आहे, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघावा लागेल, आणि वीकेंडचा पास आधी ऑनलाइन काढला नाही तर गेटवरून परत यावं लागू शकतं.

फुलांचं म्हणाल तर मार्चअखेर ते मिड-एप्रिल, पण त्याआधीच्या शरद ऋतूत पाऊस झाला पाहिजे, बी तेव्हाच रुजतं. ब्रेनमकडे पाऊस जास्त, त्यामुळे कोरड्या वर्षी तिथे चान्स जरा बरा. कुंपणाच्या आत फोटोसाठी शिरू नका, लोकांची खाजगी जमीन असते, आणि गवतात बसायच्या आधी नीट बघा, फायर अँट्स (कडाडून चावणाऱ्या मुंग्या) आणि साप दोन्ही असतात. फ्रेडरिक्सबर्गजवळच्या विलो सिटी लूप या रस्त्यावर तर गाडीतूनच बघा, उतरू नका.

व्हेज खाणाऱ्यांचे दोन्हीकडे हाल. ब्रिस्केट, सॉसेज, आणि बीन्समधेही बऱ्याचदा मांस, विचारल्याशिवाय घेऊ नका. अंडं चालत असेल तर ब्रेनमच्या वाटेवर फळांचे किंवा चीजचे कोलाचे (चेक पद्धतीचे गोड पाव) मिळतात, नाहीतर दशम्या, चटणी, दही घरून न्या. २९० वर वॉलरला बकीज हा मोठा पेट्रोल पंप आणि दुकान आहे, स्वच्छ बाथरूमसाठी तिथेच थांबा.

आईबाबा जूनपर्यंत असतील तर मार्चमधे ब्रेनम उरका आणि मे संपताना आठवड्याच्या मधल्या वारी दोन रात्री फ्रेडरिक्सबर्गला ठेवा, तेव्हा जवळच्या स्टोनवॉल गावचे पीच रस्त्याकडेच्या स्टॉलवर आलेले असतात आणि हॉटेलही वीकेंडपेक्षा स्वस्त पडतं. फक्त रॉक चढायचा तर सकाळी लवकर चढा, अकरानंतर दगड तापतो.