बर्डीत जुन्या स्लाइड (पुठ्ठ्याच्या चौकटीतले फिल्मवरचे फोटो) अन् सुपर एटची (घरगुती सिनेमाच्या फिल्मची) रिळं डिजिटल करून घेतली: साडेतीन स्टार

आधीच सांगून टाकतो, काम चांगलं आहे अन् पोट्टा प्रामाणिक आहे. १४० स्लाइड दिल्या, १४० परत मिळाल्या, एकीवर ओरखडा नाही. पण माल देताना त्याला नीट बजावून सांगा, नाहीतर माझ्यासारख्या चार चकरा होतील, अन् संध्याकाळी बर्डीत गाडी लावायची म्हणजे काय ते नागपूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. शेवटच्या दोन चकरा मी मेट्रोनेच मारल्या. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली थोडं रडगाणं आहे अन् त्या पोट्ट्याचं गिऱ्हाईक तोडायचं नाही मला.

मामला असा. बाबा डॉक्टर, १९७१ मध्ये नोकरीसाठी इंग्लंडला बॉल्टनला गेले, मी तेव्हा दोन वर्षांचा, अन् १९८० ला आम्ही परत नागपुरात आलो. म्हणजे माझं अख्खं लहानपण तिथलं. बॉल्टन म्हणजे मँचेस्टरच्या जरा वर, लँकेशायरचं जुनं सूतगिरण्यांचं गाव, बारीक सुतासाठी नाव होतं त्याचं, त्यासाठी कापूस इजिप्तचा लागायचा, आपल्या वऱ्हाडचा आखूड धाग्याचा तिथे चालायचा नाही असं आई अजूनही जरा घुश्श्यातच सांगते, तिचं माहेर यवतमाळचं. बाबांना फोटोचं भारी वेड. ते गेल्यावर स्लाइडचा डबा अन् पाच रिळं धंतोलीच्या घरी माळ्यावर पडून होती, चाळीसवर नागपुरी उन्हाळे काढले त्यांनी तिथे.

भाव स्लाइडला २५ रुपये, रिळाला ९००. घासाघीस केली नाही, मशीन त्याचं चांगलं आहे अन् प्रत्येक स्लाइड आधी ब्लोअरने साफ करतो, माझ्यासमोरच केलं.

पहिल्या चकरेत पेन ड्राइव्ह घेऊन घरी आलो, टीव्हीला लावला, आई शेजारी बसलेली, अन् पहिलाच फोटो बघून आई म्हणे, हे कुठलं रे? निळंशार आकाश, लालचुटूक विटांची घरं, हिरवंगार गवत. म्हटलं आपलाच रस्ता आहे हा आई. ती म्हणे काहीतरीच, आपल्याकडे असं आकाश कधी होतं.

अन् बरोबर होतं तिचं. पोट्ट्याने ऑटो करेक्शन लावून ठेवलं होतं. त्याच्या मशीनला वाटलं फोटो खराब झाला, म्हणून त्याने सगळं धुऊन काढलं. अरे बावा, ते आकाश राखाडीच होतं, अन् विटा काळ्याच होत्या, शंभर दीडशे वर्षांच्या कोळशाची काजळी बसलेली त्यांच्यावर. स्वच्छ हवेचा कायदा तिकडे १९५६ चा, म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा धूर बराच कमी झाला होता, पण भिंतींवरचं काळं कोण धुणार? टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरचे दोन दगडी सिंह मला आठवतात तेही काळपटच. तिथे भिंतीला टेकून उभं राहिलं की आई ओरडायची, कोट खराब होईल.

गवताचं तर याहून मजेदार. त्या स्लाइडच्या पुठ्ठ्यावर छापलंय ऑगस्ट १९७६. त्या वर्षी इंग्लंडात दुष्काळ पडला होता, जूनच्या शेवटापासून सलग पंधरा दिवस देशात कुठे ना कुठे पारा ३२ डिग्रीच्या वर, सरकारने त्यासाठी खास मंत्री नेमला. (३२ डिग्री! आपण मे महिन्यात रात्री तेवढ्यात कूलर लावून झोपतो.) तर गवत पिवळं पडलेलं, पार्क आपल्या कस्तुरचंद पार्कसारखं झालेलं, म्हणून तर बाबांनी तो फोटो काढला, अन् या पोट्ट्याने तो दुष्काळच हटवला.

दुसऱ्या चकरेत सगळं ऑटो बंद करून परत स्कॅन करायला लावलं. त्याने पैसे जास्तीचे घेतले नाहीत, हे मानायला पाहिजे. "काका, लोकांना तर ब्राइटच पाहिजे असते," म्हणे. असेल बा.

पण घोळ अजून होताच. स्लाइडचा क्रम. प्रत्येक पुठ्ठ्यावर नंबर अन् महिना छापलेला असतो, यानं जशा हाताला लागल्या तशा टाकल्या. आमच्या मागच्या गल्लीच्या टोकाला एका बंद गिरणीची चिमणी होती, ती स्लाइड १२ मध्ये उभी, १३ मध्ये गायब, १४ मध्ये परत उभी. आईला घटकाभर वाटलं आपलंच डोकं फिरलं. चिमण्या त्या काळात धडाधड पाडत होते, गिरण्या बंद होऊन राहिल्या होत्या ना. फ्रेड डिबना म्हणून बॉल्टनचाच माणूस, चिमणीच्या बुडाच्या विटा काढून लाकडाचे टेकू द्यायचा अन् त्या लाकडांना आग लावायचा, टेकू जळले की चिमणी आडवी. १९७९ मध्ये बीबीसीने त्याच्यावर डॉक्युमेंटरी दाखवली तेव्हा आमच्या शाळेतली सगळी पोरं मोठेपणी स्टीपलजॅकच, म्हणजे उंच चिमण्यांवर चढून काम करणारेच, होणार होती. मला तर लहानपणी आई चिऊताईची गोष्ट सांगायची तेव्हा चिमणी म्हणजे तीच वाटायची, इतकी मोठी दार कसं उघडेल हा माझा प्रश्न. नागपुरात आल्यावर एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकला अन् लांबून तसंच धुरांडं दिसलं तेव्हा मला पहिल्यांदा इथे बरं वाटलं, आता तिथे मॉल आहे. तर फाइलींना नंबर देऊन घ्या, आधीच सांगून.

आता रिळं. हे सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांच्या घरी सुपर एट आहे त्यांनी नीट वाचा. पन्नास फुटांचं रीळ असते, त्यात ३६०० फ्रेम, सेकंदाला १८ या हिशेबाने ३ मिनिटं २० सेकंद चालायला पाहिजे. मला मिळालेली प्रत्येक फाइल २ मिनिटं २४ सेकंदांची. म्हणजे यानं व्हिडिओसारखं सेकंदाला २५ ने पळवलं. सगळे मूकपटातल्यासारखे तुरुतुरु पळून राहिले, बाबा कारमधून उतरले की स्प्रिंगवर उडाले कळेना. आई हसत होती, पण मला राग आला, कारण त्यातल्या एका रिळात नॅना आहे.

नॅना म्हणजे आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई, सगळी गल्ली त्यांना नॅनाच म्हणायची. आई कामाला लागली तेव्हा शाळेतून मी त्यांच्याकडेच जायचो. आयुष्य मागावर गेलेलं. विणकामाच्या शेडमध्ये शेकड्याने माग एकदम चालायचे, कानठळ्या, बोललेलं शेजारणीला ऐकू जायचं नाही, म्हणून तिथल्या बाया तोंडाचा मोठा आकार करून, ओठ ताणून ताणून, बिनआवाजाचं बोलायच्या, त्याला मी-मॉ म्हणायचे. गिरणी सुटली तरी नॅनाची सवय सुटली नव्हती, त्यात कानांनी कमी ऐकू यायचं. माझ्याशी आवाजात बोलायची पण तोंड तसंच करायची, अन् आईला इंग्रजी धड येत नव्हतं त्या पहिल्या दोन वर्षांत ती नॅनाच्या तोंडाकडे बघूनच शिकली. दर शुक्रवारी नॅना गुडघ्यावर बसून दाराच्या पायरीची कड एका दगडाने घासून पांढरी करायची, डाँकी स्टोन, पूर्वी जुन्या चिंध्या दिल्या की चिंधीवाला बदल्यात तो दगड देऊन जायचा, आपल्याकडे जुन्या साड्यांवर भांडी देतात तसं. आई म्हणायची हिचा सडा-रांगोळी बघा.

तर १८ चा स्पीड लावून तिसऱ्या चकरेत फाइल मिळाली. घरी लावली. मागच्या अंगणात बर्फ, बाबा स्वयंपाकघरातून उघड्या दारातून शूट करून राहिले, नॅना स्कार्फ बांधून येते, कॅमेऱ्याकडे बघते अन् तोंड मोठ्ठं करून काहीतरी बोलते. आवाज नाही, सुपर एट मुकंच होतं आमचं. आधीच्या फाइलमध्ये नुसती टकटक टकटक जबडा हलत होता. आता बरोबर चाललं. मी रिमोट घेऊन परत मागे नेलं, अन् आई, जिचं वय ८२ आहे अन् जी आजकाल माझ्या मुलीचं नाव विसरते, ती एकदम म्हणाली, "पुट वुड इन थ-ओल!"

म्हणजे दार लाव. भोकात लाकूड घाल. लँकेशायरमध्ये असंच म्हणतात. घरातली ऊब बाहेर जात होती ना, कोळसा जळून राहिला अन् बाबा दार उघडं टाकून शूटिंग करून राहिले. आईने दहा वेळा लावायला लावलं, प्रत्येक वेळी नॅनाच्या आधीच म्हणायची.

यासाठी एक स्टार जास्त देणार होतो, पण चौथी चकर आठवली. पोट्ट्याने एका रिळाची फाइल द्यायचीच विसरली होती, फोन केला तर उद्या या काका, उद्या गेलो तर दुकानाला कुलूप. म्हणून साडेतीन. दुकान रविवारी बंद असते, यूपीआय चालते, पेन ड्राइव्ह आपला न्या, त्याच्याकडचा महाग पडतो. चार रिळं अन् १४० स्लाइड मिळून ७१०० होत होते, ७००० घेतले.

पाचवं रीळ त्याने घेतलंच नाही. डबा उघडल्याबरोबर नाकाला लावून बंद केला, "काका, हे व्हिनेगर झालं." फिल्मचा बेसच सडतो म्हणे, उष्णता अन् दमटपणाने, त्याची वाफ बाकीच्या रिळांनाही लागते, वेगळं ठेवा. मशीनमध्ये घातलं तर तुकडे होतील. खरं बोलला, त्याबद्दल राग नाही, दुसरा कोणी असता तर पैसे घेऊन कडबा करून दिला असता.

घरी आणून डबा व्हरांड्यात ठेवला. आईला वास आला, ती म्हणे काळे वाटाणे केले का कोणी? बॉल्टनला ५ नोव्हेंबरच्या शेकोटीला काळे वाटाणे शिजवून कपात देतात, वर भरपूर व्हिनेगर अन् मीठ, थंडीत उभ्याने खायचे. आई घरी करायची तेव्हा वरून लाल तर्री घालायची, तर्री पोह्यावर घालतात तशी, अन् नॅना दोन कप खाऊन डोळे पुसत बसायची. डब्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, बोनफायर, ५ नोव्हेंबर १९७७.