नौपाड्यातलं न्यूरो क्लिनिक: स्टेरॉइड लिहून दिलं नाही, ते का ते समजावलं

बाबा ७६ वर्षांचे, शुगर आहे. बाथरूममधे पाय घसरून डोक्याला लागलं, टेंगूळ आलं नि गेलं, आम्ही विसरूनपण गेलो. दीड महिन्याने डावा पाय ओढत चालायला लागले, भात कालवता कालवता मधेच थांबायचे. सीटी काढला तर कवटी आणि मेंदूच्या मधे जुनं रक्त साठलेलं. दुसरीकडे ऑपरेशन करून ते काढलं, पण डिस्चार्जच्या वेळी "परत भरू शकतं" एवढंच सांगितलं आणि आमची झोप उडाली.

म्हणून इथे आलो. अपॉइंटमेंट सहाची, नंबर लागला पावणेआठला, बाहेर खुर्च्या चारच, लोक जिन्यात उभे. म्हातारी माणसं येतात इथे, हे सुधाराच.

पण आत डॉक्टरांनी चांगला अर्धा तास दिला. मामा म्हणत होते स्टेरॉइड चालू करा, रक्त परत भरत नाही, मी तेच सरळ विचारलं. म्हणाले, मामा चुकीचं बोलत नाहीत. जुन्या रक्ताभोवती पातळ पडदा धरतो, त्याला सूज असते, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात नि पाझरत राहतात, म्हणून सूज उतरवणारं औषध, म्हणजे स्टेरॉइड, द्यायचा विचार झाला. ब्रिटनमधे ७४८ पेशंटवर डेक्सामिथासोन, कोविडमधे सगळ्यांना माहीत झालं तेच, दोन आठवडे देऊन बघितलं, अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना नुसतं तसंच दिसणारं. २०२० ला निकाल आला. परत ऑपरेशन करायची वेळ ७.१ ऐवजी १.७ टक्के लोकांवरच आली. मी म्हटलं, मग द्या ना! तेव्हा त्यांनी पुढचा आकडा कागदावर लिहिला, सहा महिन्यांनी बऱ्यापैकी सावरलेले लोक, औषधवाले ८३.९ टक्के आणि बिनऔषधवाले ९०.३. म्हणजे रक्त थांबतं पण माणूस तेवढा सावरत नाही, त्रासही औषधवाल्यांनाच जास्त झाले. त्यात स्टेरॉइडने शुगर वाढते ती वेगळीच. "काका, तुम्हाला हे मी देणार नाही," असं त्यांनी बाबांनाच सांगितलं, मला नाही, ते मला फार आवडलं.

बंद केलेली इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) परत कधी सुरू करायची ते हार्टच्या डॉक्टरांशी आमच्यासमोर फोनवर बोलून ठरवलं. तीन आठवड्यांनी परत सीटी केला, रक्त भरलेलं नाही. काल बाबा तलावपाळीला एक चक्कर मारून आले.

जाताना स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट बघत नाहीत. शनिवार टाळा.