जुनी ग्रँड बँक्स ४२, दोन लेहमन डिझेल: एक हिवाळा आणि दोन उन्हाळे वापरल्यावर

ज्यांना सगळं वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगतो: ही बेचाळीस फुटी, दोन इंजिनांची मोटरबोट घ्या. पण इंजिन बघून घेऊ नका, इंजिनाच्या भोवती काय आहे ते बघून घ्या. पंचेचाळीस वर्षांच्या डिझेल बोटीत ओतीव लोखंड क्वचितच दगा देतं. दगा देतात ते कूलर, एक्झॉस्टचे एल्बो (धुराच्या नळीचे वळणाचे तुकडे), होज (रबरी नळ्या), डिझेलच्या टाक्या आणि आधीच्या मालकाचा आळस.

आमची बोट १९७८ची, सिंगापूरला बांधलेली. आम्ही मेरीलँडला राहतो आणि बोट चेसापीक उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, ॲनापोलिसच्या जरा दक्षिणेला एका खाडीत असते. १९७३पर्यंत या बोटी लाकडाच्या बनत, त्यानंतर फायबरच्या. लाकडी बोट दिसायला देखणी असली तरी नोकरी करणाऱ्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. फायबरची बॉडी त्या काळात इतकी जाड घालत की सर्व्हेअरने (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाने) हातोडीने ठोकत अख्खा तळ तपासला आणि पाणरेषेखाली त्याला लिहिण्यासारखं फार काही सापडलं नाही.

आता इंजिनं. लेहमन १२० हे मुळात फोर्डचं ट्रकचं इंजिन. इंग्लंडमध्ये बनायचं, अमेरिकेत लेहमन कंपनी त्याला समुद्रासाठी लागणारं सामान चढवायची. सहा सिलिंडर, ६.२ लिटर, टर्बो नाही, २५०० आरपीएमला १२० हॉर्सपॉवर. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढीच ताकद काढायची म्हणजे त्याला कधी धाप लागतच नाही. दहा हजार तासांच्या पुढे गेलेली लेहमन आजही चालतात. आमच्या मीटरवर चार हजारांच्या वरचा आकडा होता आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. उलट तितक्याच वयाची, हजारभर तास चाललेली एक बोट मी सोडून दिली. वर्षानुवर्षं धक्क्याला बांधून ठेवलेलं इंजिन आतून गंजतं, सील सुकतात, डिझेल कुजतं. मीटरवरचा कमी आकडा ही जाहिरातीत छापायची गोष्ट आहे.

या इंजिनात इलेक्ट्रॉनिक काही नाही. एकदा सुरू झालं की बॅटरी मेली तरी डिझेल मिळेल तोवर ते चालत राहतं. ग्लो प्लग नाहीत, तरी मार्चच्या थंडीत अर्ध्या फेऱ्यात पेटतं. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो, तो गरम झाल्यावर जायला हवा. गेला नाही तर इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन तपासायला हवं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे बोजा जास्त होतोय किंवा हवा कमी पडतेय. हे सगळं पुस्तकात असतंच. पण विकणारा इंजिन आधीच गरम करून ठेवतो, हे पुस्तकात नसतं. मी पहिल्या भेटीला गेलो तेव्हा आधी इंजिन रूममध्ये उतरून दोन्ही ब्लॉकना हात लावला. गार होते. मग म्हटलं, आता सुरू करा.

उरणला माझा चुलतभाऊ आहे, त्याचा मासेमारीचा ट्रॉलर आहे. ट्रकचं इंजिन बोटीत घालायची पद्धत आपल्याकडेही आहेच. किनाऱ्यावरच्या कितीतरी ट्रॉलरांत लेलँड असतं. त्याला मी व्हिडिओ कॉलवर दोन्ही इंजिनांचा आवाज ऐकवला. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "दादा, आवाज झकास आहे, पण आवाजाचं काय घेऊन बसलास? मागे जा आणि पाणी किती पडतंय ते दाखव." इंजिन गार करून आलेलं समुद्राचं पाणी एक्झॉस्टमधूनच बाहेर पडतं. डावीकडे ते भसाभस पडत होतं, उजवीकडे जेमतेम. उजव्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचं झाकण खोललं तर रबरी इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) दोन पाती गायब! ही पाती विरघळत नाहीत, वाहत पुढे जातात आणि हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिन गार ठेवणाऱ्या उपकरणाच्या) तोंडाशी अडकतात. एक तिथेच मिळालं. दुसरं कधीच सापडलं नाही. विक्रेत्याने तेवढ्यावर किमतीत बऱ्यापैकी सूट दिली. भावाला मी पुढच्या खेपेला चांगली बाटली आणायचं कबूल केलं आहे.

खरेदीच्या आधी दोन सर्व्हे करून घ्या: बोटीचा वेगळा, इंजिनांचा वेगळा. विमा कंपनी पहिलाच मागते, म्हणून बरेच जण दुसऱ्याचे पैसे वाचवतात. इंजिनाच्या सर्व्हेत खरी परीक्षा म्हणजे भर पाण्यात पूर्ण थ्रॉटल. इंजिनाने २५००च्या आसपास जायला हवं. बाविसशेवरच थांबलं तर तळाला शेवाळ आणि शिंपले आहेत, पंखा (प्रोपेलर) जास्त पिचचा, म्हणजे जास्त तिरक्या पात्यांचा आहे किंवा इंजिन थकलंय. यातलं कोणतं, हे ठरवल्याशिवाय सही करू नये. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, पण ऑइल नुकतंच बदललेलं असेल तर तो अहवाल कोरा कागद समजा. माझ्या मेकॅनिकने इन्फ्रारेड थर्मामीटरने हीट एक्स्चेंजर, मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा भाग) आणि एल्बो यांचं तापमान दोन्ही इंजिनांवर एकाच जागी मोजलं. दोन जुळी इंजिनं असण्याचा हा मोठा फायदा आहे. काय नॉर्मल, हे एकमेकांकडून कळतं.

मला बोट घ्यायला लावणारी वस्तू मात्र वेगळीच होती. चार्ट टेबलाच्या (समुद्राचे नकाशे पसरायच्या टेबलाच्या) खणात आधीच्या मालकाची वही होती. तारीख, तास, काय बदललं, कुठल्या दुकानातून आणलं, सगळं. त्यात दर पन्नास तासांनी इंजेक्शन पंपाचं (सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं) ऑइल बदलल्याची नोंद होती. लेहमनच्या या सिम्स बनावटीच्या पंपाला स्वतःचं वेगळं ऑइल असतं. ते इंजिनाच्या ऑइलशी जोडलेलं नाही, आणि त्यात हळूहळू डिझेल झिरपून ते पातळ होतं. जेमतेम कपभर ऑइल, पण मॅन्युअलमध्ये पन्नास तास लिहिलेत आणि जागा अशी आहे की कोपर सोलून निघतं. जो माणूस हे काम न चुकता करतो, त्याने बाकीचंही केलं असणार. शेवटच्या तीन वर्षांच्या नोंदी विरळ झाल्या होत्या, अक्षरही थरथरतं. इम्पेलरची पाती त्याच काळातली असणार.

पहिल्या उन्हाळ्यात जे झालं त्यातलं एकच सविस्तर सांगतो. उपसागराच्या पलीकडच्या सेंट मायकेल्स गावाहून परत येताना वाटेत नांगर टाकला होता. निघण्याआधी सवयीने गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली. या गिअरबॉक्समध्ये लाल ट्रान्समिशन ऑइल असतं. डिपस्टिकवर चक्क सोलकढी होती. गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारा छोटा कूलर इंजिनाच्या बाजूला असतो. त्याच्या आतल्या नळ्यांतून समुद्राचं पाणी जातं आणि बाहेरून ऑइल. एक नळी गंजून फुटली की दोन्ही एक होतात. तसेच पुढे गेलो असतो तर क्लचच्या प्लेटी गेल्या असत्या. उजवं इंजिन बंद ठेवून डाव्यावर घरी आलो, साडेपाच नॉटने (तासाला साडेपाच सागरी मैल), सुकाणू सतत एका बाजूला धरून. दुसऱ्या दिवशी कूलर बदलला, मग ऑइल भरायचं, थोडं चालवायचं, काढून टाकायचं, असं ते स्वच्छ लाल दिसेपर्यंत केलं. गिअरबॉक्स वाचला. डाव्या इंजिनाचा कूलर बरा दिसत असूनही त्याच आठवड्यात बदलून टाकला. हे कूलर खपणारं सामान आहेत, काही वर्षांनी फुटो न फुटो, बदलायचे. वहीत त्यांची शेवटची नोंद शोधली तर दोन पानं मागे जाऊन, फार जुनी मिळाली.

एक्झॉस्टच्या एल्बोचंही तसंच. गरम धूर आणि खारं पाणी जिथे एकत्र येतात ती ही जागा, आतून पोखरत जाते आणि बाहेरचा रंग शाबूत असतो. भोक पडलं तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये जाऊ शकतं, आणि मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही हिवाळ्यात दोन्ही काढून बघितले. एकाची भिंत स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर आत गेली. दोन्ही नवे स्टेनलेसचे बसवले. कूलर, एल्बो, सगळे पाण्याचे होज आणि इंजेक्टरची तपासणी धरून पहिल्या वर्षीचा खर्च बोटीच्या किमतीच्या पाव हिश्श्याच्या आसपास गेला. मरिनाचं भाडं आणि विमा वेगळा. जाहिरातीतली किंमत बघून ज्यांच्या खिशात तेवढेच पैसे आहेत त्यांनी लहान बोट बघावी.

फिल्टर बदलणं हा स्वतंत्र छळ आहे. फिल्टर बदलला की डिझेलच्या लाइनीत हवा शिरते आणि लेहमन ती हवा स्वतःहून काढत नाही. हाताच्या लिव्हरने डिझेल चढवायचं, इंजिनावरच्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत पंप करायचं, स्क्रू आवळायचा, मग इंजेक्शन पंपावरचा. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अंगठा सुजतो, डिझेल बाहीत शिरतं. मी पहिला फिल्टर मरिनात बांधलेल्या बोटीवर बदलला, मुद्दाम. तो प्रसंग लाटांवर यायच्या आधी हात बसलेला असावा. नंतर टाकी आणि इंजिनामध्ये एक विजेचा छोटा पंप बसवून घेतला, आता पाच मिनिटांचं काम आहे. या बोटीवर केलेल्या सगळ्या खर्चात सर्वांत समाधानाचा खर्च तो.

डिझेलच्या टाक्या लोखंडी आहेत, इंजिनांच्या बाहेरच्या बाजूला. त्या बदलायच्या तर इंजिनं उचलावी लागतात नाहीतर टाकी कापून तुकड्यांनी काढावी लागते. म्हणून खरेदीआधी टाकीच्या वरच्या अंगाला टॉर्च मारून बघा. गंज बहुधा वरून सुरू होतो, डेकवरच्या भरणीच्या झाकणातून पाणी झिरपल्यामुळे. आमच्या टाक्या बऱ्या आहेत. तळाशी थोडं पाणी आणि काळा चिकट गाळ होता. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांचा तो प्रताप. डिझेल गाळून घेतलं, औषध टाकलं, फिल्टरच्या काचेच्या वाटीत आता पाण्याचा थेंब दिसत नाही.

चालवायला ही बोट म्हणजे निवांतपणा. सतराशे आरपीएमला साडेसात नॉट, दोन्ही इंजिनं मिळून तासाला चार ते पाच गॅलन डिझेल. पाणरेषेची लांबी चाळीस फुटांच्या आसपास, त्यामुळे साडेआठ नॉटच्या पुढे थ्रॉटल ढकलला की मागे लाट तेवढी मोठी होते आणि डिझेल जातं. घाई असलेल्याने ही बोट घेऊ नये. मात्र दर फेरीत अर्धा तास तरी बाविसशेच्या वर चालवतो, कारण कायम हलक्या बोज्यावर चाललेलं डिझेल इंजिन आतून काजळी धरतं. दोन इंजिनांमुळे धक्क्याला लावणं सोपं आहे: एक पुढे, एक मागे, बोट जागेवर फिरते. बायको आता माझ्यापेक्षा सफाईने लावते, आणि शेजारच्या बोटीवरचे लोक बघत असतील तर मुद्दाम तिलाच लावायला देतो.

त्रासही सांगतो. सलूनची (बोटीतल्या बैठकीच्या खोलीची) जमीन उचलली की इंजिनं समोर येतात, पण त्यांच्या बाहेरच्या बाजूला पोचायला कसरत लागते, आणि सुटलेला पाना थेट बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या खोलगट जागेत) जातो. डिझेलचा वास कपाटातल्या कपड्यांना लागतोच. उन्हाळ्यात चेसापीकमध्ये जेलीफिश येतात आणि पाण्याच्या गाळणीत त्यांचा लगदा होतो. तापमानाचा काटा जरा वर सरकला की आधी गाळणी बघायची. खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे तरंगते गोळे सगळीकडे आहेत, दोरी पंख्यात अडकली की बुडी मारावी लागते. उत्तरेकडे पाणी निमखारं असल्यामुळे तळाला झिंकऐवजी ॲल्युमिनियमचे ॲनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे तुकडे) लावले आहेत, ते नीट झिजतायत. थंडीत इथे पाणी गोठतं, म्हणून नोव्हेंबरात गाळणीतून गुलाबी अँटीफ्रीझ ओढून घ्यायचं, ते एक्झॉस्टमधून बाहेर दिसेपर्यंत. एकाने बाटली धरायची, एकाने मागे उभं राहून ओरडायचं.

सुटे भाग ही सगळ्यांची पहिली शंका असते. फिल्टर, इम्पेलर, गॅस्केट, कूलर, सगळं आजही मिळतं. लेहमनचंच सामान ठेवणारे लोक आहेत आणि ते फोनवर सल्लाही देतात. त्याच वयाच्या काही टर्बोवाल्या, मोठ्या ताकदीच्या इंजिनांचे भाग मिळवताना एका मित्राची चाललेली वणवण मी बघतोय. बोट बघताना इंजिनाचं मॉडेल लिहून घ्या आणि किंमत बोलण्याआधी हीट एक्स्चेंजर नि वॉटर पंप आठवड्यात मिळेल का, एवढं दोन ठिकाणी विचारा.

राहिलं सागवानी डेक. जुन्या पद्धतीने ते स्क्रूंनी फायबरवर ठोकलेलं असतं, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे पाणी आत जायची एक वाट. सर्व्हेअरच्या मॉइश्चर मीटरने नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) भागात ओल दाखवली होती, ते माहीत असूनच किंमत ठरवली. येत्या हिवाळ्यात तेवढा भाग उघडायचा आहे. दोन ठिकाणांहून कोटेशन आली आहेत आणि त्यांतलं एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे. स्वस्तवाला म्हणतो, सागवान काढून नुसतं फायबर आणि खरखरीत रंग. बायकोला ते पटलंय, मी अजून तयार नाही.