दोन्ही हात कंट्रोलरवर असताना वाचायचं पुस्तक

व्हिडिओ गेमचं छापील गाइड हातात आलं की मी ते आधी मधोमध उघडून टेबलावर ठेवतो आणि हात बाजूला घेतो. पुस्तक आपसूक मिटलं, तर आतला मजकूर कितीही चोख असो, अर्धी किंमत तिथंच गेली. वाचणाऱ्याचे दोन्ही हात कंट्रोलरवर असतात, पान धरायला तिसरा आणायचा कुठून? नारायण पेठेत बाइंडिंगचं काम करण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे पुस्तकाचा कणा आधी बघायची खोड आहे. गेमचा नाद मात्र भाचीनं लावला. सिंगापूरहून येताना तिनं निन्टेन्डो स्विच हे गेम खेळायचं यंत्र आणलं आणि सोबत झेल्डा मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’.

त्याचं गाइड पिगीबॅक या प्रकाशकाचं, २०१७ सालचं. माझ्याकडे पुठ्ठा बांधणीची कलेक्टर्स आवृत्ती आहे. मधली पानं टेबलावर निवांत पसरून राहतात. सुरुवातीची आणि शेवटची काही राहत नाहीत, त्यांच्यावर चष्म्याचं घर ठेवतो. एवढ्या जाडीला ते चालायचंच. कागद चकाकता आहे, डोक्यावर ट्यूबलाइट असली की चमक मारतो. मी छापलं असतं तर मॅट घेतला असता, पण मग रंग इतके उठले नसते हेही खरं.

या पुस्तकाची करामत उजव्या पानाच्या कडेला आहे. तिथं उभी पट्टी आहे, तीत प्रकरणांची नावं आणि आपण आत्ता ज्यात आहोत ते ठळक. पुस्तक कुठंही उघडा, नजर कडेला टाकली की कुठं आहोत ते कळतं. अनुक्रमणिकेकडे पळावं लागत नाही. पिगीबॅकची ही जुनी पद्धत आहे आणि मला ती आतल्या सगळ्या चित्रांपेक्षा मोलाची वाटते.

कारण हा गेम सरळ रेषेत चालतच नाही. पहिलं पठार उतरलात की कुठंही जा, कुणी अडवत नाही. मूळ गेममध्ये १२० श्राइन, म्हणजे कोड्यांची देवळं, ९०० कोरोक, म्हणजे सापडले की एकेक बी देणारे चिमुकले वनदेव, आणि ते सगळे डोंगरदऱ्यांत विखुरलेले. अशा गेमला ‘आता डावीकडे वळा, मग पेटी उघडा’ छापाचं गाइड लिहिलं तर ते तिसऱ्या पानावर निरुपयोगी होईल. इथं पुस्तक वाचायचं नसतं, त्यात शोधायचं असतं. आणि शोधताना नको ते दिसता कामा नये. माझ्या लेखी गाइडची खरी परीक्षा हीच. मला श्राइन कुठं आहे एवढंच हवं असेल, तर आतलं कोडं कसं सुटतं ते त्याच नजरेत येऊ नये. एकदा डोळ्यांनी उत्तर उचललं की ते परत ठेवता येत नाही. पिगीबॅकनं नकाशे वेगळे आणि श्राइनची उत्तरं वेगळ्या प्रकरणात ठेवली आहेत. नकाशाच्या आग्नेय कोपऱ्यात ईव्हनटाइड नावाचं बेट आहे. मी फक्त नकाशा बघून तिथं गेलो, माहितीचं पान मुद्दाम उघडलं नाही. पाय ठेवताच गेमनं तलवार, ढाल, कपडे सगळं काढून घेतलं! तो धक्का पुस्तकानं माझ्यासाठी शाबूत ठेवला, याबद्दल त्याला पैकीच्या पैकी.

हेच व्हिडिओत बघायला गेलं तर आधी तो माणूस नमस्कार घालणार, मग चॅनल सबस्क्राइब करा म्हणणार, आणि हव्या त्या जागी पोचेपर्यंत उत्तरासकट पुढचंही दाखवून मोकळा होणार.

आता आकडे. गेम जे सांगत नाही ते गाइडनं सांगावं. बोकोब्लिन हे गेममधले राक्षस. लाल बोकोब्लिनचा जीव १३, निळ्याचा ७२, काळ्याचा २४० आणि चंदेरीचा ७२०. सुरुवातीला मिळणारी प्रवाशाची तलवार एका घावात ५ काढते आणि साधारण २० घावांत मोडते. म्हणजे लाल तीन घावांत गार, पण एका निळ्यापायी पाऊण तलवार खर्ची पडणार. असा तक्ता समोर असला की लढायचं की सटकायचं हे आपलं आपण ठरवतो. ‘सावधपणे लढा’ असल्या उपदेशाची पानं मी नुसती उलटतो.

स्वयंपाकाचंही तेच. ड्युरियन म्हणजे आपल्या फणसाच्या तोंडवळ्याचं फळ. गेममधले ‘हार्टी’ जातीचे पाच ड्युरियन एकत्र शिजवले की जीव पूर्ण भरतो आणि वर २० जादा हृदयं, म्हणजे तेवढा जादा जीव, मिळतात. फॅरोनच्या मनोऱ्याजवळच्या पठारावर ती झाडं रांगेनं उभी आहेत. बाकी पाककृती वाचल्या नाहीत तरी चालेल.

खोटही आहे. काही नकाशे जोडपानावर पसरलेत आणि नेमक्या मधल्या घडीत खुणा गडप होतात. पुस्तक दाबून सपाट करायला जावं तर कणा मोडायची भीती. कोरोकचे आकडे इतके बारीक की माझ्या वयाला भिंग लागतं. अर्थात सगळ्या ९०० च्या मागे लागायचं कारण नाही. कोरोकच्या ४४१ बियांत हत्यारं-ढाली बाळगायच्या सगळ्या जादा जागा मिळतात, आणि पूर्ण ९०० जमवणाऱ्याला बक्षीस म्हणून जे मिळतं ते सोन्याचं असलं तरी आकार शेणाच्या पोचा! करणाऱ्यांनी थट्टा केली आहे, ती समजून घ्यावी.

गाइड वाईट कसं असतं ते बघायचं असेल तर ब्रॅडीगेम्स या प्रकाशकाचं, ‘फायनल फॅन्टसी ९’ या गेमचं, २००० सालचं गाइड चाळा. जागोजागी एक संकेतशब्द दिलाय आणि पुढची माहिती प्लेऑनलाइन या गेम कंपनीच्याच संकेतस्थळावर बघा म्हटलंय. पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकानं गिऱ्हाइकाला दुसरीकडे पिटाळावं? त्या संकेतस्थळावरची माहिती पुढं नाहीशी झाली आणि हातात उरली ती अर्धवट वाक्यं.

घाईचाही प्रश्न असतोच. गेम येईल त्याच दिवशी दुकानात हवं असलेलं गाइड गेमच्या आधीच्या कच्च्या आवृत्तीवरून लिहावं लागतं. ‘एल्डन रिंग’ हा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि मार्चच्या अपडेटनं काही हत्यारांचा जोर उतरवला, काही पात्रांच्या कथाही पुढं नेल्या. हॅम्बर्गच्या फ्यूचर प्रेस या प्रकाशकानं आपले त्या गेमच्या गाइडचे खंड त्यानंतर काही महिन्यांनी काढले, ते शहाणपणाचं होतं. पिगीबॅकनंही झेल्डाची वाढीव आवृत्ती २०१८ मध्ये आणली. नंतर आलेल्या दोन्ही जादा भागांची माहिती तीत आहे, माझ्या प्रतीत नाही. ते भाग तुम्ही घेतले असतील तर वाढीवच घ्या.

जुनी प्रत घेणार असाल तर विक्रेत्याकडून दोन फोटो मागवा, एक कण्याचा वरून आणि एक घडीच्या मोठ्या नकाशाचा, तोही पूर्ण उलगडून. कलेक्टर्स आवृत्तीसोबत तो नकाशा असायलाच हवा. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून भाचीसाठी दुसरी प्रत मागवली, तर नकाशा गायब आणि पहिला फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, डिंकानं चिकटवलेला, तोही उलटा. फर्मा मी सोडवून नीट शिवून दिला. नकाशा कुठून आणणार?