नकाशावरचा नंबर, दहा रुपयांचं टोकन आणि गेलेले ५९,८४८ रुपये

गणपतीत गावाकडून पाहुणे येतात, मुंबई बघायची असते आणि चौदा माणसांना एकत्र बसून थाळी जेवायची असते. काळबादेवी, चर्नी रोडकडच्या नावाजलेल्या थाळी हॉटेलांत त्या दिवसांत बाहेर रांग असते, म्हणून आधी फोन करून टेबल धरून ठेवणं यात गैर काहीच नाही. ठग नेमके इथेच बसलेले असतात. तीन व्यवहारांत आमचे ५९,८४८ रुपये गेले. दोन वेळा २४,९९९ डेबिट कार्डावरून आणि एकदा ९,८५० क्रेडिट कार्डावरून. तिसरा व्यवहार बँकेला कळवून झाल्यावर झाला. त्याचा राग सगळ्यात जास्त आहे.

नंबर कुठल्या फुकट थाळीच्या जाहिरातीतून घेतलेला नव्हता, हे आधी सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. मोबाइलच्या नकाशावर हॉटेलचं नाव टाकलं. पत्ता खरा, फोटो खरे, शेकडो अभिप्राय खरे. फक्त फोन नंबर बदललेला. नकाशावरची माहिती दुरुस्त करायची सूचना कोणीही पाठवू शकतो आणि ती मंजूर झाली तरी हॉटेलमालकाला अनेकदा पत्ताही लागत नाही. त्यामुळे ‘अनोळखी लिंकवर जाऊ नका’ हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. हॉटेलच्या जुन्या बिलावर किंवा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असलेला नंबर नकाशातल्या नंबराशी ताडून बघा. दोन्हीकडे वेगळे दिसले तर फोन करू नका.

पलीकडचा माणूस अस्खलित मराठी बोलत होता. जैन थाळ्या किती, लहान मुलं किती, ज्येष्ठांसाठी खालचा मजला हवा का, सगळं विचारलं. मग म्हणाला, गर्दीच्या दिवसांत टेबलमागे दहा रुपये टोकन आहे, जेवणाच्या बिलातून वजा होईल. यूपीआयवर मोठ्या बुकिंगचं टोकन घेत नाही, कार्डाने भरा, आमचं बुकिंग ॲप पाठवतो. व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली, म्हणजे स्टोअरला वळसा घालून थेट फोनवर ॲप चढवणारी फाइल. हॉटेलचं नाव, हॉटेलचंच चिन्ह.

थांबायची जागा ती होती. हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. काउंटरवर क्यूआर लावून रोज हजारो रुपये घेणाऱ्या हॉटेलला दहा रुपयांसाठी कार्ड आणि ॲप कशाला लागेल? फाइल उघडताना फोनने ताकीद दिली होती की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोकादायक असू शकतं. पलीकडून लगेच उत्तर आलं, ‘ताई, नवीन ॲप आहे, स्टोअरवर यायला वेळ लागतो, तरीही इन्स्टॉल करा हे दाबा.’ त्याला आपल्या स्क्रीनवर काय दिसतंय ते शब्दन् शब्द पाठ होतं. खऱ्या हॉटेलच्या माणसाला ते पाठ असायचं कारण नाही. पुढे ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मग स्वतःला मेसेजचं मुख्य ॲप करायची. टेबल बुक करणाऱ्या ॲपला आपले मेसेज कशाला हवेत? पण घरात पाहुणे, हातात कामं, कानाला फोन आणि तो सतत बोलत राहणारा. विचार करायला दोन क्षण मिळू नयेत याचसाठी तो बोलत असतो.

मेसेजचं मुख्य ॲप बदलल्यावर येणारा प्रत्येक ओटीपी त्या ॲपकडे जातो आणि तिथून पुढे ठगाकडे. आपल्या स्क्रीनवर सूचना दिसतच नाही. टोकनच्या पानावर कार्ड नंबर, मुदत, सीव्हीव्ही भरलं की ‘व्यवहार अयशस्वी, दुसरं कार्ड वापरा’ असं येतं. दहा रुपये कापलेच जात नाहीत, ते कापायचेच नसतात. दुसऱ्या कार्डाचे तपशीलही हाती यावेत म्हणून पहिलं मुद्दाम फेल दाखवतात. ७ वाजून ५२ मिनिटांनी पहिले २४,९९९, ७ वाजून ५४ मिनिटांनी दुसरे. दोन्ही रकमांची गिफ्ट व्हाउचर घेतली गेली. व्हाउचर दुसऱ्या खात्यात वापरलं की रक्कम अडवणं फार अवघड होऊन बसतं, म्हणून ठगांना ती आवडतात.

ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता. तोंडातून एकही आकडा गेला नाही. बँक मात्र प्रत्येक पत्रात ‘ग्राहकाने ओटीपी दिला’ असंच लिहिते.

शंका येताक्षणी फोन विमान मोडवर टाका आणि पुढचे सगळे कॉल दुसऱ्या फोनवरून करा. आधी बँक, मग १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी. ॲप डिलीट करायच्या मागे लागू नका. त्याचं आयकॉन बहुतेक वेळा गायब झालेलं असतं, आणि फोन घाईत फॅक्टरी रीसेट केला की पुरावा जातो. चॅट, फाइलचं नाव, कॉलची यादी, ॲपने घेतलेल्या परवानग्या यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. मग सेटिंग्जमधल्या ॲपच्या पूर्ण यादीत शोधा. काढता येत नसेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मधली त्याची परवानगी आधी बंद करावी लागते, किंवा फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढावं लागतं. नेट बँकिंगचे पासवर्ड त्याच फोनवरून बदलले तर नवे पासवर्डही त्यांच्याकडे जातील. कॉल कुठे वळवलेत का ते *#२१# लावून कळतं, वळवलेले सगळे कॉल ##००२# ने रद्द होतात. ‘*४०१*’ (कॉल वळवायचा कोड) लावून पुढे अमुक नंबर टाका असं कोणी सांगितलं तर तिथेच फोन ठेवा.

बँकेच्या मदतकेंद्राला ८ वाजून १९ मिनिटांनी सांगितलं की दोन्ही कार्डं बंद करा. दोन्ही, हा शब्द दोनदा उच्चारला. त्यांनी डेबिट कार्ड बंद केलं आणि क्रेडिट कार्डासाठी ‘वेगळा विभाग आहे, लाइनवर राहा’ म्हणून संगीत लावून ठेवलं. ८ वाजून ३१ मिनिटांनी त्याच क्रेडिट कार्डावरून ९,८५० गेले. हे ९,८५० कुठल्या हिशेबाने ग्राहकाच्या माथी मारतात? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सरळ आहे. ग्राहकाने कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच. चूक बँकेची नाही, ग्राहकाची नाही, तिसरीकडेच कुठेतरी आहे आणि त्यामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर शून्य भार, आणि दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, असंही त्यात आहे. शाखेत हे परिपत्रक छापून नेलं तर अधिकाऱ्याने ते न वाचता परत सरकवलं आणि म्हणाला, ‘आधी एफआयआर आणा.’ परिपत्रकात एफआयआरची अट कुठे आहे ते दाखवा म्हटलं तर ‘आमची अंतर्गत प्रक्रिया आहे’.

पोलीस ठाण्यात गेलो तर ‘हे सायबरचं, तिकडे जा’. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ठाण्यात पुन्हा ‘व्यवहार कुठल्या राज्यात झाला ते कळल्याशिवाय हद्द ठरत नाही’. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. आपण कलम सांगितलं की समोरचा अधिक चिडतो, असा अनुभव आला. एवढ्या हेलपाट्यांनंतर हाती काय, तर सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलचा तक्रार क्रमांक आणि ‘तपास सुरू आहे’. फसवणाऱ्याला बारा मिनिटांत कळतं की कुठलं कार्ड अजून चालू आहे, आणि बँकेला आपलंच कार्ड बंद करायला दुसरा विभाग शोधावा लागतो! तोंडी नकार मिळाला तर तक्रार लेखी लिहून पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, मुंबईत परिमंडळाच्या उपायुक्तांना. टपालाची पोच जपून ठेवा. तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड लिहा.

१९३० वर लाइन लागायला वेळ लागतो, कट करू नका. व्यवहार क्रमांक, मिनिटासह वेळ, नेमकी रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक कागदावर लिहून समोर ठेवा, कारण पलीकडचा माणूस भराभर विचारतो. बँकेच्या मदतकेंद्राशी बोलताना कॉलची वेळ आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. ८ वाजून १९ ची नोंद असल्यामुळेच तो तिसरा व्यवहार आज लढवता येतोय.

हाच सापळा गर्दीच्या सगळ्या दिवसांत लागतो, फक्त नाव बदलतं. गणपतीत ‘व्हीआयपी दर्शन पास’ विकतात. मोठ्या मंडळांच्या रांगा लांब असतात, पण दर्शनाला तिकीट नसतं, हे बाहेरगावच्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. नवरात्रीत गरब्याचे पास. २०२३ मध्ये बोरिवलीतल्या एका गरब्याच्या बनावट पासांचं प्रकरण पोलिसांत गेलं होतं. क्यूआरचा स्क्रीनशॉट विकत घेणं म्हणजे पैसे टाकून देणं आहे. तोच क्यूआर दहा जणांना विकलेला असतो आणि दारात जो पहिला स्कॅन करतो तोच आत जातो. ३१ डिसेंबरच्या पार्ट्यांचंही तेच. आयोजकाच्या अधिकृत ॲपमध्ये तिकीट तुमच्या नावावर हस्तांतरित होत नसेल तर ते घेऊच नका.

घारापुरीच्या सहलीचं ऑनलाइन ‘पॅकेज’ विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा, सोमवारचं बुकिंग मिळेल का? लेणी सोमवारी बंद असतात. हो म्हणाला तर समजा. बोटीचं तिकीट गेटवेला मिळतं, लेण्यांचं प्रवेशशुल्क भारतीयांना ४० रुपये आहे, मध्ये कोणी दलाल लागत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद राहतात, आणि तेव्हा आगाऊ पैसे घेतलेला माणूस फोन उचलत नाही.

जेवायला प्रत्यक्ष पोहोचलात तरी बिल वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. काढायला सांगा, काढला नाही तर बिलाचा फोटो घेऊन १९१५ या ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार करा. रक्कम छोटी असली तरी करा.

बँकेचं उत्तर तीस दिवसांत आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही. आमची तिथे गेली आहे, ९,८५० साठी वेगळा मुद्दा करून. तिन्ही रकमा एकत्र मांडल्या की बँक सगळ्यावर एकच ‘ओटीपी’वालं उत्तर चिकटवते, म्हणून प्रत्येक व्यवहाराची वेळ आणि कळवल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहा. आणि हॉटेलच्या काउंटरवर जाऊन तो नकाशातला नंबर दाखवा. आमच्या बाबतीत मॅनेजरने तो तिथल्या तिथे चुकीचा म्हणून कळवला आणि खरा नंबर दारावर कागदावर लिहून लावला. नकाशातला नंबर एकदा दुरुस्त झाला तरी ठग पुन्हा बदलू शकतात, तेव्हा पुढच्या वेळीही ताडून बघा.