चितळ्यांची बाकरवडी: आधी चव, मग घर

घ्यायची तर मोठी बाकरवडी घ्या. मिनी चहाबरोबर येता-जाता तोंडात टाकायला ठीक, पण मोठीत सारण दाताखाली वेगळं लागतं. आधी गोड, मग आंबटपणा, आणि तिखट सगळ्यात शेवटी, घशाशी आल्यावर. आठ दिवसांनी डबा उघडला तरी तीच कुरकुर. त्याचं कारण सारणात आहे: ते कोरडं, तीळ-खसखस-खोबऱ्याचं. आमच्या वहिनी नागपूरच्या, त्यांची हिरव्या कोथिंबिरीची पुडाची वडी चवीला भारी, पण सकाळची संध्याकाळी मऊ पडते. ती पार्सल करून अमेरिकेतल्या भाच्याला धाडता येत नाही. बाकरवडी येते.

मी मूळचा मिरजेकडचा, किराणा दुकानदाराच्या घरातला, म्हणून माझं लक्ष वडीबरोबर चितळ्यांच्या घराकडेही जातं. भास्कर गणेश चितळ्यांनी 1939 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या भिलवडीला दुधाचा धंदा काढला. मुलगा रघुनाथराव, म्हणजे भाऊसाहेब, यांनी 1950 मध्ये पुण्यात दुकान टाकलं. धाकटे नरसिंहराव त्यांच्या जोडीला आले आणि बाकीच्या भावांनी भिलवडीत दूध सांभाळलं. मला विचाराल तर सगळी मेख इथेच आहे. एकानं दूध काढायचं, दुसऱ्यानं विकायचं, मध्ये दीडशेहून जास्त किलोमीटर. रोज एकमेकांच्या गल्ल्यात हात घालायची सोयच नाही, आणि एकाशिवाय दुसऱ्याचं चालतही नाही.

आमच्याकडे याच्या बरोबर उलटं. गल्ला एक, हात चार. वडील आणि काका दोघंही खरेदीला जायचे, दोघंही उधारी द्यायचे, वह्या मात्र दोन. एकाच गिऱ्हाइकाला दोघांकडून दोन भाव मिळायला लागले तेव्हा गिऱ्हाईकच शहाणं झालं. पुढे मध्ये भिंत आली, मग दोन्ही गाळे भाड्यानं गेले. भांडण पैशाचं होतं असं सगळे सांगतात. माझ्या मते कुणाचं काम कुठलं, हे कधी ठरलंच नव्हतं.

चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, त्यावर निम्म्या महाराष्ट्रानं विनोद केले. 2017 पासून दुकान दुपारीही उघडं ठेवायला लागले, आणि त्यापायी कुणाची अब्रू गेली नाही. बाकरवडी यंत्रावर आणली, तेही असंच. हातवळणीचा अभिमान असणाऱ्या घरात पुढच्या पिढीनं यंत्र आणायचं म्हणजे आधी थोरल्यांनी 'बरं, करून बघा' म्हणायला लागतं. आमच्याकडे साधा इलेक्ट्रॉनिक काटा आणायला काकांची परवानगी मिळाली नव्हती.

आंबा बर्फी मला जरा गोड होते; बायकोला तीच आवडते, म्हणून दोन्ही येतात. सणाच्या तोंडावर घेणार असाल तर सकाळी दुकान उघडतानाच जा. संध्याकाळी बाजीराव रोडला गाडी लावायला जागा शोधण्यात बाकरवडीचा मूड जातो.